आभासी चलन आणि बँकेचे खाते

सन २००८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, अमेरिकेतील मातबर वित्तसंस्था एकामागून एक कोसळत असता, सातोशी नाकामोतो या नावाने कोणी अज्ञाताने नऊ पृष्ठांचा एक निबंध प्रसृत केला, आणि दोन माणसांमधील पैशाच्या देवघेवीसाठी मध्यस्थ बँकेची मुळीच आवश्यकता नाही, असे त्यात गणिताच्या आधारे प्रतिपादन केले. पुढे ३ जानेवारी २००९ रोजी त्या निबंधात मांडलेल्या बिटकॉइन या चलनाच्या सामायिक हिशेबवहीचे पहिले पान सिद्ध झाले, तेव्हा बँकांना सावरण्यासाठी सरकारने द्यावयाच्या मदतीविषयी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात त्या दिवशी आलेला मथळा कर्त्याने त्या पानातच कोरून ठेवला. बँकांविषयीचा अविश्वास ज्या चलनाच्या जन्मपत्रिकेतच असा नोंदलेला, त्याचा भारतातील इतिहास चाळू जावे, तर तो बहुतांशी बँकेच्या खात्याचाच इतिहास निघतो. नाण्याला स्वतःला बँक लागत नाही हे खरे. परंतु ते घेणाऱ्याचे रुपये बँकेत असतात, आणि ते विकून आलेले रुपये अखेर बँकेतच जमा व्हावे लागतात, कारण घरभाडे, किराणा आणि सरकारदेणे ही सारी रुपयांतच भागवावयाची असतात. म्हणून या व्यापारात पडणाऱ्याचा पहिला प्रश्न कोणते नाणे घ्यावे हा नसून कोणत्या बँकेचे खाते वापरावे हाच राहिला. त्याचे उत्तर दर दोन-तीन वर्षांनी पालटत गेले, आणि ते पालटण्याचे अधिकार ग्राहकाच्या हाती फार क्वचित होते.

एका चलनाचे दुसऱ्या चलनात रूपांतर करून देणे हा आपल्याकडील फार जुना आणि प्रतिष्ठित धंदा. पेशवाईच्या उत्तरकाळात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती अशी निरनिराळ्या टांकसाळींची नाणी महाराष्ट्राच्या बाजारपेठांतून फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळे, झीज वेगळी. आणि सराफ आपल्या पेढीवर बसून नाणे वाजवून, तोलून, त्यावर बट्टा आकारून दुसऱ्या जातीचे नाणे मोजून देई. सरकारी खजिन्यातही नाण्याची पारख करण्यासाठी पोतदार नेमलेला असे. परगावी पैसा पाठवावयाचा तर हुंडी. ती दर्शनी असे किंवा मुदती, आणि शाहजोग हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित शाहाच्याच हाती पडावेत असा दंडक असे. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून मिळे, पेठही गहाळ झाली तर ‘परपेठ’. ही सोय आजच्या आभासी चलनात नाही. तेथे गुप्त किल्ली हरवली की द्रव्य कायमचे गेले, आणि तक्रार ऐकावयाला पेढीवर कोणी बसलेले नसते.

त्या जुन्या व्यवस्थेत व्यापारी सराफाची निवड करीत असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोणाची पत मोठी, कोणाची हुंडणावळ कमी, कोणाचा गुमास्ता परगावी तत्पर, याचा विचार करून तो पेढी धरी. आणि जो सराफ एखाद्या जातीचे नाणे घेण्याचे नाकारी, तो आपल्याच हाताने आपला बट्टा बुडवी. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला आणि बट्ट्याचा हा धंदा हळूहळू आटत गेला. मराठवाड्यात मात्र निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार यांची जोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदली, आणि सात हालींना सहा कलदार हा हिशेब तेथील दुकानदाराला तोंडपाठ होता. सांगावयाचे ते एवढेच की, दोन चलने शेजारी शेजारी चालणे आणि त्यांच्या अदलाबदलीवर कोणीतरी पोट भरणे हे आपल्या समाजाला अपरिचित नव्हते. अपरिचित होती ती दारावर बसलेली बँक.

ही बँक दारावर इतकी साशंक मुद्रेने का बसते, याचे एक उत्तर मुंबईच्याच इतिहासात सापडते. बँक ऑफ बॉम्बेची स्थापना १८४० मधली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटून लँकेशायरला तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि त्या पैशाच्या पुरात बॅकबे भरावासारख्या कंपन्यांच्या शेअरांचे भाव मूळ भरण्याच्या कित्येक पटींनी चढले. नेमक्या त्याच सुमारास, १८६३ च्या कायद्याने, शेअर तारण घेऊन कर्ज देण्यावरची बँकेची जुनी बंधने सैल झाली. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धुरंधर दलालाचे वजन बँकेच्या कारभारात वाढले. आणि ज्या कागदाची किंमत उद्या काय राहील हे कोणीच सांगू शकत नव्हते, त्या कागदाच्या तारणावर लाखो रुपये सुटले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस गडगडला, १ जुलैचा वायद्याचा दिवस उजाडला, आणि अर्धी मुंबई नादार ठरली. बँकेचे जवळजवळ सारे भांडवल त्यात गेले. १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली, आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. ही नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली, आणि १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. सट्ट्याने पोळलेल्या घराण्याचा वारसा पुढच्या पिढ्यांना असा कागदोपत्रीच मिळालेला आहे. तेव्हा नव्या चलनाकडे पाहून आपल्या बँकांनी कपाळाला आठी घातली, यात त्यांचा सर्वस्वी दोष मानता येत नाही. दोष आहे तो ती आठी कागदावर न उतरवण्याचा. त्याकडे पुढे वळू.

भारतात आभासी चलनाचा व्यापार मूळ धरू लागला तो २०१३ च्या आसपास. बंगळुरात युनोकॉइन ही कंपनी निघाली, अहमदाबादेत खरेदीविक्रीचे एक संकेतस्थळ चालू झाले, पुढे हैदराबाद आणि मुंबई येथेही अशा बाजारपेठा उभ्या राहिल्या. त्या काळी खात्याची निवड हा चिंतेचा विषयच नव्हता. बाजारपेठेच्या कंपनीने कोणत्याही बँकेत चालू खाते काढावे, ग्राहकाने आपल्या बचत खात्यातून तेथे रक्कम पाठवावी, पोच आली की नाणे त्याच्या नावे लागावे. बँकेच्या दृष्टीने ती पुस्तके वा पादत्राणे विकणारी एखादी कंपनीच. २४ डिसेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने लोकांना पहिला सावधगिरीचा इशारा दिला आणि त्याच आठवड्यात अंमलबजावणी संचालनालयाने अहमदाबादेत झडती घेतली. काही दिवस बाजार दबकला, मग पूर्ववत् चालू लागला. इशारा हा इशाराच होता. त्यात मनाईचा शब्द नव्हता.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा सरकारी शिक्क्याच्या कागदावरील लोकांचा विश्वास क्षणभर डळमळला, आणि जगाच्या बाजाराहून चढ्या भावाने भारतात बिटकॉइन विकले जाऊ लागले. पुढचे वर्ष तर ज्वराचे होते. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरांच्या घरात गेला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी आणि डिसेंबर या दोन्ही महिन्यांत इशाऱ्याची पुनरुक्ती केली. २०१८ च्या आरंभी काही मोठ्या बँकांनी बाजारपेठांची खाती गोठवल्याच्या अथवा अधिक तारण मागितल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत झळकल्या, आणि पुण्यात बिटकॉइनच्या नावाखाली दरमहा ठराविक परताव्याचे आमिष दाखवून हजारो लोकांना गंडवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेचे प्रकरण पोलिसांत गाजू लागले. ती योजना आणि चलनाचा खुला बाजार या भिन्न गोष्टी होत. परंतु सामान्य माणसाच्या मनात आणि बहुधा बँकेच्या कारकुनाच्याही मनात त्या एकरूप झाल्या.

मग ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक निघाले. ते सर्व व्यापारी व सहकारी बँका, पेमेंट्स बँका, लघुवित्त बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या संस्था यांना उद्देशून होते. म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेपासून तालुक्याच्या गावच्या नागरी सहकारी बँकेपर्यंत कोणीही सुटले नव्हते. आभासी चलनात स्वतः व्यवहार करू नये, आणि तसा व्यवहार करणाऱ्याला कोणतीही सेवा देऊ नये; खाते ठेवणे, हिशेब भागवणे, तारण घेणे, कर्ज देणे, इतकेच काय, अशा खरेदीविक्रीची रक्कम खात्यात घेणे वा खात्यातून पाठवणे हेही वर्ज्य. ज्यांचे संबंध आधीपासून होते त्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली. चलन बाळगणे हा गुन्हा ठरला नव्हता, ही यातील गंमत. दागिना घालण्याची परवानगी असावी आणि सोनाराच्या दुकानाचा रस्ता मात्र बंद करावा, तसे ते झाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुदत भरली. तत्पूर्वी सर्वोच्च न्यायालयाकडे स्थगितीची याचना झाली होती, ती नामंजूर झाली. झेबपे या बाजारपेठेने सप्टेंबरअखेर भारतातील बाजार बंद केला, पुण्याची कॉइनडेल्टा मार्च २०१९ मध्ये मिटली, आणि मुंबईची कॉइनेक्स त्याच वर्षीच्या जून महिन्यात. युनोकॉइनने ऑक्टोबर २०१८ मध्ये बंगळुराच्या एका मॉलमध्ये रोख रकमेचे यंत्र बसवून बँकेला वळसा घालण्याचा प्रयत्न केला. तेव्हा यंत्र पोलिसांनी जप्त केले आणि संस्थापकांना अटक झाली.

या दोन वर्षांत खात्याच्या निवडीला एक निराळेच वळण लागले, आणि या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा भाग मला हाच वाटतो. बँका बाजारपेठेला खाते देईनात, तेव्हा बाजारपेठा मधून बाजूला झाल्या आणि ग्राहकालाच ग्राहकासमोर उभे केले. विक्रेत्याचे नाणे बाजारपेठ स्वतःकडे अनामत धरी. खरेदीदार रुपये थेट विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्यात पाठवी. विक्रेत्याने रक्कम पोचल्याचे कबूल केले की अनामत सुटून नाणे खरेदीदाराच्या नावे होई. व्यवहारासाठी बिटकॉइनपेक्षा डॉलरशी भाव बांधलेले टेथर अधिक सोयीचे, कारण रक्कम येईपर्यंत त्याचा भाव पळून जात नसे. लवकरच या पद्धतीत मुरलेले दलाल निर्माण झाले. ते दिवसभर थोड्या फरकाने घेत आणि विकत, आणि त्या फरकावर त्यांचा चरितार्थ चाले. सराफाचा बट्टा दीडशे वर्षांनी परत आला. फक्त नाणे वाजवून पाहण्याजोगे राहिले नव्हते.

अशा दलालाला खाते कसे हवे? रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही, क्षणार्धात रक्कम पोचावी. दिवसाची मर्यादा मोठी असावी. आणि वरचेवर होणाऱ्या लहानमोठ्या भरण्यांकडे बँकेने डोळे वटारून पाहू नये. एकच खाते फार हलू लागले की बँकेची चौकशी येई, म्हणून पुष्कळांनी दोन-तीन बँकांत खाती वाटून घेतली. रक्कम पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात चलनाचे नाव चुकूनही लिहू नये, ही ताकीद प्रत्येक विक्रेता खरेदीदाराला देई. रकाना कोरा ठेवावा, किंवा काही निरुपद्रवी शब्द लिहावा. आमच्या जुन्या वाण्याच्या रोजकीर्दीत प्रत्येक रकमेपुढे ती कशाबद्दल आली याचा तपशील लिहिल्याविना दिवस मिटत नसे. येथे तपशील न लिहिणे हीच शिस्त ठरली. परिपत्रकाचा हेतू पैशाचा माग लागावा आणि काळा व्यवहार थांबावा असा असला, तर त्याचे प्रत्यक्ष फळ याच्या नेमके उलट झाले. पूर्वी मूठभर कंपन्यांच्या चालू खात्यांतून जो पैसा दिवसाउजेडी वाहत होता, तो आता असंख्य बचत खात्यांत कोऱ्या शेऱ्यांखाली विखुरला.

त्याची खरी झळ बसली ती पुढे. नाशिकच्या एखाद्या विक्रेत्याने सचोटीने आपले टेथर विकावे, रक्कम खात्यात यावी, आणि महिन्याभराने कळावे की ती रक्कम तेलंगणातील कोणा वृद्धाला फोनवरून फसवून काढलेली होती. तेथील पोलीस पैशाच्या मागावर खात्यामागून खाते गाठीत येणार, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२ व्या कलमाखाली खाते गोठवण्याचा हुकूम बँकेला पाठवणार. मग पगार त्याच खात्यात, घराचा हप्ता त्याच खात्यातून, आणि दाद मागावयाची ती परप्रांताच्या सायबर ठाण्यात. नव्या संहितेत हे कलम १०६ वे झाले आहे. विक्रेत्याची अवस्था मात्र तीच आहे. म्हणून या धंद्यातील जाणती माणसे नवख्याला प्रथम हे सांगतात की, ज्या खात्यात पगार येतो ते या व्यवहाराला लावू नये, आणि ज्याच्याशी सौदा झाला त्याच्या नावाच्या खात्यातूनच रक्कम आली आहे की नाही हे पाहिल्याविना नाणे सोडू नये. तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेला पैसा परत पाठवावा, हा नियम पुष्कळांनी ठेच लागल्यावरच पाळला.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया विरुद्ध रिझर्व्ह बँक या वादाचे हे निकालपत्र न्यायमूर्ती रामसुब्रमणियन यांनी लिहिलेले असून न्यायमूर्ती नरिमन आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस हे त्यांचे सहकारी होते. ते १८० पृष्ठांचे आहे आणि वाचनीयही आहे. रिझर्व्ह बँकेला असा आदेश काढण्याचा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु आपल्या अखत्यारीतील एखाद्या संस्थेला या व्यवहारामुळे हानी पोचली असे बँकेने कोठे दाखवलेले नाही, आणि हानी न दाखवता एका वैध धंद्याची बँकसेवाच तोडणे हा उपाय प्रमाणाबाहेरचा आहे, असे म्हणून संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे त्याने परिपत्रक रद्द ठरवले. ज्यांनी दोन वर्षे तग धरली होती त्या बाजारपेठांनी बँकखात्यातून थेट भरणा पुन्हा चालू केला, आणि साथीच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या तरुणांची त्यांच्या दाराशी रीघ लागली.

येथे कथा संपावयास हवी होती. लेखी मनाई होती, ती लेखी निर्णयाने उठली, प्रजेने आपले काम करावे. घडले ते वेगळेच. २०२१ च्या वसंतात बाजारपेठांच्या खात्यांना पुन्हा अडथळे येऊ लागले. पैसे पोचवण्याची सेवा देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या एकेक करून हात काढून घेऊ लागल्या. आणि मे महिन्यात एचडीएफसी बँकेकडून आणि स्टेट बँकेच्या समूहाकडून ग्राहकांना ताकिदीची पत्रे गेली, ज्यांत आधार म्हणून दाखवले होते ते २०१८ चेच परिपत्रक, जे वर्षापूर्वी रद्दबातल झालेले! रिझर्व्ह बँकेला ३१ मे २०२१ रोजी खुलासा करावा लागला की, हे परिपत्रक आता अस्तित्वात नाही आणि त्याचा हवाला देता येणार नाही. तथापि ग्राहकाची ओळख पटवणे, अवैध पैशाला आळा घालणे आणि परकीय चलनाचा कायदा पाळणे यांसाठी लागणारी दक्षता बँकांनी चालू ठेवावी. बँकांनी या खुलाशाचा पूर्वार्ध वाचून हवाला देणे थांबवले, आणि उत्तरार्ध वाचून सेवा देण्याचे टाळले.

२०२२ च्या एप्रिलात या अलिखित मनाईचे जे दर्शन घडले, ते तर अभिजात म्हणावे असे. अमेरिकेतील कॉइनबेस ही प्रचंड बाजारपेठ ७ तारखेला बंगळुरात समारंभपूर्वक अवतरली आणि यूपीआयने रुपये भरून नाणी घ्या असे तिने जाहीर केले. त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय भरणा महामंडळाने दोन ओळींचे निवेदन काढले की, कोणतीही अशी बाजारपेठ यूपीआय वापरत असल्याचे आम्हांस ठाऊक नाही. यात मनाई कोठेही नव्हती. ‘ठाऊक नाही’ एवढेच होते. थोड्याच दिवसांत कॉइनबेसने तो मार्ग बंद केला, आणि पुढच्या महिन्यात तिच्या प्रमुखाने रिझर्व्ह बँकेकडून अनौपचारिक दबाव आल्याचे भागधारकांसमोर सांगितले. अशा वेळी वकील तरी काय करणार? २०१८ च्या परिपत्रकाला क्रमांक होता, दिनांक होता, खाली सही होती. म्हणून त्याविरुद्ध याचिका करता आली आणि ती जिंकताही आली. भुवई उंचावण्याविरुद्ध याचिका होत नाही. माझे मत असे आहे की, या व्यापाराला बंदीने जेवढे छळले त्याहून अधिक या अबोल्याने छळले; बंदीत निदान आपण कोठे उभे आहोत हे कळत होते.

दक्षिण कोरियाने याच काळात निराळा रस्ता धरला. तेथे ३० जानेवारी २०१८ पासून नियम झाला की, बाजारपेठेने एका ठराविक बँकेशी करार करावा आणि ग्राहकाने त्याच बँकेत, स्वतःच्या खऱ्या नावाने, खाते काढूनच व्यवहार करावा. अपबिटला जावयाचे तर के-बँक, बिथंबला जावयाचे तर दीर्घकाळ नोंगह्युप. बाजारपेठ निवडली की बँक आपोआप ठरली. ज्या बाजारपेठांना कोणी बँक मिळाली नाही त्यांना सप्टेंबर २०२१ नंतर स्थानिक चलनातील व्यवहार सोडावे लागले. नियम कडक खरा, लहान बाजारपेठांवर तर निष्ठुर. परंतु तो लिहिलेला होता. अमेरिकेत याउलट एखाददुसऱ्या बँकेनेच हा सारा व्यापार पोटाशी धरला, आणि मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिल्व्हरगेट आणि न्यूयॉर्कची सिग्नेचर या दोन्ही एका आठवड्यात संपल्या. त्या वार्ता वाचून १८६५ चे स्मरण जागे ठेवणाऱ्या मुंबईच्या बँकरांना समाधान वाटले असल्यास नवल नाही.

आपल्याकडे खात्याचा प्रश्न अखेर थोडा मार्गी लागला तो कराच्या वाटेने. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर बसला, तोट्याची वजावट नाकारली गेली, आणि १ जुलैपासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का उगमातच कापला जाऊ लागला. कर जाचक आहे, त्याने व्यापार ओसरला, पुष्कळसा परदेशी बाजारपेठांकडे वळला, हे सर्व खरे. परंतु ज्यावर सरकार कर घेते तो व्यवहार झालाच नाही असे बँकेला म्हणता येईना. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने बाजारपेठा मनी-लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या, वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी त्यांच्यावर बंधनकारक झाली, आणि त्या डिसेंबरात बायनान्ससह नऊ परदेशी बाजारपेठांना नोटिसा निघाल्या. कोऱ्या शेऱ्याचा काळ त्यानंतर सरत आला. आता नोंदणीकृत बाजारपेठ ग्राहकाच्या खात्यात एखादा रुपया पाठवून खातेदाराचे नाव ताडून पाहते. पॅनवरील नाव आणि खात्यावरील नाव यांत तफावत असली की भरणा परत येतो, आणि नवराबायकोच्या संयुक्त खात्याची तर हमखास अडचण होते. खात्याचे गुण आता वेगळे मोजावे लागतात: उतारा स्वच्छ असावा, कापलेला कर त्याच्याशी जुळावा, आणि विवरणपत्र भरताना प्रत्येक रकमेचा उगम दाखवता यावा. नित्य मोठी उलाढाल असणाऱ्याने बचत खात्यावर भागवण्यापेक्षा चालू खाते काढणे शहाणपणाचे, कारण बचत खात्यावर धंदा चालवणे बँकांना पूर्वीही खपत नसे.

आणखी एक भेद खातेदाराने विसरू नये. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण आहे. तीच रक्कम बाजारपेठेकडे गेली की ते संरक्षण तत्क्षणी सुटते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईत वाढलेल्या बाजारपेठेवर दरोडा पडून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली, तेव्हा ग्राहकांना हा भेद फार महागात समजला. व्यवहार संपला की उरलेले रुपये तेथे पडू न देता आपल्या खात्यात माघारी आणावेत, एवढी दक्षता तरी ज्याच्या त्याच्या हातची आहे.

ज्या वाचकाला या व्यापारात उतरावयाचेच असेल, त्याने त्यासाठी स्वतंत्र खाते काढावे, आणि ते काढण्यापूर्वी शाखेच्या अधिकाऱ्याला आपला हेतू लेखी कळवून बँकेचे उत्तरही लेखीच मागावे. उत्तर आले नाही, तर आपल्या अर्जाची तारखेसह शिक्का मारलेली पोच जपून ठेवावी.